वामन गोविंद काळे

वामन गोविंद काळे (१८७६ – १९४६) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील इतिहास व अर्थशास्त्राचे प्राध्यापक, ग्रंथकार आणि बँक ऑफ महाराष्ट्रचे एक संस्थापक होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या भारतीय टॅरिफ बोर्डाच्या तीन सदस्यांपैकी ते एक होते. परदेशी माल अवाजवी स्वस्त दराने येऊन देशी उद्योगाचे नुकसान करतो का, करत असल्यास त्यावर जकात बसवावी की उद्योगाला सरकारी तिजोरीतून मदत द्यावी, अशा प्रश्नांची खुली व पुराव्यावर आधारलेली चौकशी भारतात याच बोर्डापासून नियमितपणे होऊ लागली. काळे यांचे नाव आज मुख्यतः बँकेच्या इतिहासात घेतले जाते. बोर्डातील त्यांचे काम तुलनेने विस्मरणात गेले आहे.

अध्यापन आणि वैचारिक जडणघडण

काळे यांचे कार्यक्षेत्र पुणे हेच राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयात ते इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवीत. त्या काळी भारतीय विद्यापीठांत अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके इंग्लंडमधून येत आणि त्यांतील उदाहरणे लँकेशरच्या गिरण्यांची व लंडनच्या नाणेबाजाराची असत. भारतातील शेतसारा, रेल्वे, विनिमयदर, दुष्काळ यांविषयी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे पुस्तक जवळजवळ नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी काळे यांनी लिहिलेला भारतीय अर्थशास्त्राचा प्रास्ताविक ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

विचारांनी ते नेमस्त परंपरेतले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले खुल्या व्यापाराचे सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, अशी मांडणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती पुढे नेली, मात्र एक सावधगिरी बाळगून. साखरेवरील आयात जकातीच्या प्रश्नावर १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बोलताना त्यांनी योग्य संरक्षण आणि अयोग्य संरक्षण असा भेद केला. उगवत्या उद्योगाला आधार देणारे संरक्षण त्यांना मान्य होते. वजनदार मंडळींच्या गटाने सरकारकडून पदरात पाडून घेतलेली आणि सामान्य ग्राहकाच्या खिशातून वसूल होणारी सवलत त्यांना मान्य नव्हती. काळे यांनी गोखल्यांच्या आर्थिक विचारांवर १९१६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे बोर्डावर बसल्यावर हाच भेद त्यांच्यासमोर दर चौकशीत प्रत्यक्ष आकड्यांच्या रूपाने उभा राहिला.

पूर्वपीठिका : अनुदानित साखर आणि कापडावरील अबकारी

परदेशी सरकारच्या अनुदानाने स्वस्त झालेल्या मालावर भारताने घेतलेली पहिली महत्त्वाची कारवाई साखरेवरची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी बीटच्या साखरेच्या निर्यातीवर अनुदान देत. अशी साखर मूळ उत्पादनखर्चापेक्षाही कमी भावाने परदेशी बाजारात उतरू शके. भारतीय बंदरांत तिची आयात झपाट्याने वाढली, तेव्हा लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १८९९ मध्ये जकात कायद्यात दुरुस्ती करून, ज्या देशाने जितके अनुदान दिले असेल तितकीच जादा जकात त्या देशाच्या साखरेवर बसवण्याचा अधिकार घेतला. ही काउंटरव्हेलिंग ड्यूटी, म्हणजे समतोलक जकात होय. तिचे तत्त्व सोपे आहे : तराजूच्या एका पारड्यात परक्या सरकारने जेवढे वजन टाकले, तेवढेच दुसऱ्या पारड्यात टाकायचे, अधिक नाही.

या निर्णयामागे भारतीय शेतकऱ्याइतकीच मॉरिशसच्या मळेवाल्यांचीही काळजी होती. भारतीय बाजार ही त्यांची मोठी पेठ होती. १९०२ मध्ये ब्रुसेल्स येथे झालेल्या करारानुसार युरोपातील प्रमुख साखर उत्पादक देशांनी १९०३ पासून निर्यात अनुदाने बंद केली. पण देशी साखरेचे भाग्य त्यामुळे उजळले नाही. बीटची साखर मागे सरली आणि तिची जागा जावाच्या उसाच्या साखरेने घेतली. जावाची साखर अनुदानावर नव्हे, तर उसाच्या सुधारित जाती आणि मोठ्या कारखान्यांच्या जोरावर स्वस्त पडत होती, त्यामुळे समतोलक जकातीचे हत्यार तिच्यापुढे निरुपयोगी होते. भारतातील साखर कारखानदारीला खरी चालना १९३२ च्या संरक्षक कायद्याने मिळाली. १९३१-३२ मधील ३२ कारखान्यांची संख्या त्यानंतर चार-पाच वर्षांतच शंभराच्या वर गेली आणि नगर, नाशिक, पुणे जिल्ह्यांतील कालव्यांच्या पट्ट्यात उसाचे नवे अर्थकारण उभे राहिले.

कापडाच्या बाबतीत समतोलाचा हाच शब्द अगदी उलट अर्थाने वापरला गेला होता. महसुलाच्या गरजेपोटी सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली, तेव्हा लँकेशरच्या गिरणीमालकांची तक्रार नको म्हणून १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी लावण्यात आली. येथे समतोल साधायचा होता तो देशी मालाला चुकूनही संरक्षण मिळू नये यासाठी. मुंबईच्या गिरण्यांना हा भार १९२५ च्या अखेरीपर्यंत वाहावा लागला. काळे यांच्या पिढीतील महाराष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञांच्या मनात सरकारी जकात धोरणाविषयी जो मूलभूत संशय दिसतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

राज्यपरिषद आणि विवेचक संरक्षण

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये केंद्रात कायदेमंडळाची दोन सभागृहे अस्तित्वात आली. काळे १९२१ ते १९२३ या काळात वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे राज्यपरिषदेचे सदस्य होते. याच सुमारास, भारत सरकार आणि भारतीय कायदेमंडळ यांचे जकातीच्या प्रश्नावर एकमत असेल तर लंडनहून शक्यतो हस्तक्षेप होऊ नये, असा संकेत रूढ होऊ लागला होता. सर इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली १९२१ मध्ये नेमलेल्या फिस्कल कमिशनने १९२२ मध्ये विवेचक संरक्षणाची शिफारस केली. सरसकट सर्व उद्योगांना नव्हे, तर पारखून निवडलेल्या उद्योगांनाच संरक्षण द्यायचे, असा तिचा अर्थ होता.

त्यासाठी तीन कसोट्या ठरवण्यात आल्या. उद्योगाला कच्चा माल, स्वस्त शक्ती, मजूर, मोठी देशी बाजारपेठ असे नैसर्गिक लाभ असले पाहिजेत. मदतीवाचून तो वाढणारच नाही किंवा देशहितास हवा तितक्या वेगाने वाढणार नाही, असे दिसले पाहिजे. आणि कालांतराने तो जागतिक स्पर्धेत स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल, अशी खात्री पटली पाहिजे. अध्यक्ष रहिमतुल्ला यांच्यासह टी. व्ही. शेषगिरी अय्यर, घनश्यामदास बिर्ला, जमनादास द्वारकादास आणि नरोत्तम मोरारजी या पाच भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून या अटी फार जाचक असल्याचे मत नोंदवले. आयोगाच्या अध्यक्षानेच भिन्नमतपत्रिकेवर सही करावी, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने विवेचक संरक्षणाचे तत्त्व ठरावाने स्वीकारले. जुलै १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड नेमण्यात आले, तेही आरंभी केवळ एका वर्षासाठी. सनदी अधिकारी जॉर्ज रेनी अध्यक्ष होते. ब्रह्मदेशातील पदमजी पेस्तनजी गिनवाला आणि वामन गोविंद काळे हे दोघे भारतीय सदस्य होते. एक प्रशासक, एक कायदा व राजकारण जाणणारा आणि एक प्राध्यापक, अशी ही त्रयी होती.

टॅरिफ बोर्डातील कार्य (१९२३ – १९२५)

बोर्डाला स्वतः जकात लावण्याचा अधिकार नव्हता. सरकारने सोपवलेल्या उद्योगाची चौकशी करून शिफारस करणे एवढेच त्याचे काम होते. निर्णय सरकारचा आणि कायदा करण्याचे काम कायदेमंडळाचे. तरीही बोर्डाने रूढ केलेली कार्यपद्धती नवी होती. मदत मागणाऱ्या कारखान्याला तपशीलवार प्रश्नावली पाठवली जाई. कच्च्या मालाचा दर, मजुरी, कोळसा, घसारा, भांडवलावरील व्याज, रेल्वेभाडे असे सर्व आकडे त्यात मागितले जात. आयातदार, व्यापारी संघटना, माल वापरणारे कारखानदार यांचीही म्हणणी ऐकली जात. साक्षी आणि लेखी निवेदने अहवालांसोबत जाडजूड खंडांत छापली जात. मदत हवी असेल तर वही उघडून दाखवावी लागेल, हा पायंडा तेव्हा पडला.

पोलाद चौकशी

बोर्डाकडे आलेले पहिले मोठे प्रकरण पोलादाचे होते आणि ते तातडीचे होते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९१२ मध्ये जमशेदपूर येथे पोलाद काढण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धात तिच्या रुळांना मोठी मागणी आली. या भरवशावर कंपनीने विस्ताराची प्रचंड योजना हाती घेतली. यंत्रसामग्री युद्धोत्तर महागाईच्या भावाने विकत घ्यावी लागली आणि उत्पादन बाजारात येण्याच्या वेळी जगभर पोलादाचे भाव कोसळले होते. युरोपातील, विशेषतः बेल्जियमचे पोलाद फार स्वस्तात येऊ लागले. १९२४ मध्ये कंपनीची रोख रक्कम संपत आली, तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी स्वतःची खासगी मालमत्ता तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून कर्ज उभे केले. कंपनी बुडाली असती तर देशातील एकमेव मोठा पोलाद कारखाना आणि त्यावर जगणारे एक संपूर्ण शहर तिच्याबरोबर गेले असते.

अशा वेळी बोर्डाने कंपनीचा शब्द प्रमाण न मानता खर्चाचे स्वतंत्र गणित मांडले. प्रथम कार्यक्षम कारखान्याला परवडणारी वाजवी विक्री किंमत काढायची, मग तोच परदेशी माल जकातीशिवाय बंदरात कोणत्या भावाने पडतो ते पाहायचे, आणि दोहोंतील फरक हेच संरक्षणाचे माप मानायचे, अशी ही रीत होती. सळ्यांच्या बाबतीत वाजवी किंमत टनाला १८० रुपये आणि आयात माल सुमारे १४० रुपये धरला गेला. म्हणून जकात टनामागे ४० रुपये ठरली. कंपनीच्या प्रत्यक्ष खर्चातील काही भाग हा चुकीच्या वेळी केलेल्या विस्ताराचा भुर्दंड होता. तो ग्राहकावर टाकायचा की भागधारकांनी सोसायचा, हा या गणितातील खरा कळीचा मुद्दा होता. वाजवी किंमत ही कल्पना त्यासाठीच वापरण्यात आली. पुढील काळातील जवळजवळ सर्व टॅरिफ चौकश्या याच मापावर चालल्या.

जून १९२४ मध्ये पोलाद उद्योग संरक्षण कायदा तीन वर्षांसाठी मंजूर झाला. याआधी पोलादावर मूल्याच्या दहा टक्के जकात होती. आता ती बऱ्याच प्रकारांवर टनामागे ठराविक रुपयांत आकारली जाऊ लागली. रुळांच्या बाबतीत मात्र जकातीऐवजी सरकारी अर्थसाहाय्य देण्यात आले : पहिल्या वर्षी टनामागे ३२, दुसऱ्या वर्षी २६ आणि तिसऱ्या वर्षी २० रुपये. दरवर्षी उतरत जाणाऱ्या या आकड्यांतून कारखान्याने खर्च कमी करत नेला पाहिजे, असा संदेश होता. रुळांचे मुख्य गिऱ्हाईक रेल्वे असल्याने तेथे जकात वाढवली असती तर तिचा भार फिरून रेल्वेच्या भाड्यावरच पडला असता. विधेयकावरील चर्चेत कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी, उद्योगाला जनतेच्या पैशातून आधार मिळत असेल तर कामगारांच्या हिताची हमीही मिळाली पाहिजे, ही बाजू मांडली.

पूरक चौकशी आणि विनिमयाचा पेच

कायदा होऊन काही महिने उलटले नाहीत तोच संरक्षण अपुरे पडल्याची तक्रार आली. या दुसऱ्या चौकशीत उभा राहिलेला प्रश्न आजही व्यापार चौकश्यांत वाद माजवतो. बेल्जियम, फ्रान्स या देशांची सरकारे पोलादाला उघड निर्यात अनुदान देत होती असे नव्हे. त्यांची चलने घसरली होती आणि त्यामुळे त्यांचा माल इतर देशांत स्वस्त पडत होता. दुसरीकडे रुपयाचा विनिमयदर १ शिलिंग ४ पेन्सवरून १ शिलिंग ६ पेन्सकडे चढला. पहिल्या दराने एक पौंड म्हणजे १५ रुपये, दुसऱ्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. उदाहरणादाखल, नऊ पौंडांना पडणारा एक टन माल घेतला तर तो पूर्वी १३५ रुपयांना उतरे, आता १२० रुपयांना. परदेशी कारखानदाराने भाव पैनेही कमी न करता ४० रुपयांच्या जकातीतील १५ रुपये अशा रीतीने गळून जात.

म्हणजे येथे अनुदान नव्हते, आणि स्वदेशातील किमतीपेक्षा कमी भावाने परदेशात माल ओतण्याची, म्हणजे अवपुंजनाची पारंपरिक व्याख्याही लागू पडत नव्हती. नुकसान मात्र प्रत्यक्ष होते. १९२४ च्या कायद्यात यासाठी एक वाट ठेवलेली होती : परदेशी माल अपेक्षेपेक्षा इतक्या कमी भावाने येऊ लागला की संरक्षण निष्फळ ठरते, तर चौकशीनंतर सरकारला जकात वाढवता येईल. साखरेच्या १८९९ च्या कायद्यात स्वस्ताईचे कारण सिद्ध होणे आवश्यक होते. पोलादाच्या कायद्यात स्वस्ताईचा परिणाम पुरेसा होता. बोर्डाने नोव्हेंबर १९२४ च्या अहवालात जकात वाढवण्याची शिफारस केली.

सरकारने ती तशी स्वीकारली नाही. जकात वाढली की पोलाद वापरणाऱ्या प्रत्येकाला भाव वाढवून द्यावा लागतो, अर्थसाहाय्याचा भार मात्र तिजोरीवर पडतो आणि तो मोजता येतो. जानेवारी १९२५ मध्ये कायदेमंडळाच्या संमतीने, ऑक्टोबर १९२४ ते सप्टेंबर १९२५ या वर्षासाठी पोलादाच्या लगडींच्या ७० टक्के वजनावर टनामागे २० रुपये, एकूण मर्यादा ५० लाख रुपये, असे अर्थसाहाय्य देण्यात आले. त्यानंतरच्या दीड वर्षासाठी दर १२ रुपये आणि मर्यादा ६० लाख रुपये ठेवण्यात आली. संरक्षक जकातीतून वाढलेल्या उत्पन्नाचा एक भाग अशा रीतीने पुन्हा उद्योगाकडे वळला. येथे एक विरोधाभास नजरेत भरतो : परदेशी सरकारच्या अनुदानाविरुद्ध ज्या देशाने पाव शतकापूर्वी समतोलक जकात बसवली होती, तोच देश आता स्वतःच्या उद्योगाला अनुदान देत होता. फरक इतकाच की हे अनुदान निर्यातीसाठी नव्हते आणि त्याचे सर्व आकडे छापील अहवालात कोणालाही पाहता येत होते.

सिमेंट आणि कागद

पोलादाची चौकशी गाजली, तरी बोर्डाच्या कसोटीची धार सिमेंटच्या चौकशीत अधिक स्पष्ट दिसते. पोरबंदर, कटनी, बुंदी संस्थानातील लाखेरी अशा ठिकाणी निघालेल्या कारखान्यांनी युद्धानंतर उत्पादनक्षमता देशाच्या मागणीपेक्षा अधिक वाढवली होती. भाव पडले, काही कंपन्या अडचणीत आल्या आणि परदेशी सिमेंटवर जकात वाढवावी, अशी मागणी झाली. बोर्डाने पाहिले की देशी सिमेंट आयात सिमेंटच्या भावाखाली विकले जात होते. ते भाव पाडले होते देशी कारखान्यांच्या आपसातील स्पर्धेने. अशा स्थितीत आयातीवरील जकात कितीही वाढवली तरी भाव चढणार नव्हते. उद्योगाचे नुकसान खरे होते, पण ते आयातीमुळे झालेले नव्हते. आजच्या भाषेत याला कार्यकारण संबंधाचा अभाव म्हणतात. कारखानदारांनी मग आपापसांत मिळवून घेण्याचा मार्ग धरला आणि त्या वाटेने पुढे १९३६ मध्ये असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही विलीन कंपनी उभी राहिली. ग्राहकाच्या दृष्टीने हा उपाय आयात जकातीपेक्षा सौम्य होता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

कागदाच्या चौकशीतून १९२५ चा बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा निघाला आणि छपाईच्या व लिहिण्याच्या कागदावर रत्तलामागे एक आणा जकात सात वर्षांसाठी बसली. वृत्तपत्री कागद तिच्यातून वगळलेला होता. ही जकात पुस्तके आणि वह्यांवर, म्हणजे शिक्षणावर पडणारी होती. बांबूच्या लगद्यापासून कागद करण्याचे तंत्र देशात रुजेल, या अपेक्षेवर ती समर्थनीय ठरवण्यात आली.

१९२५ मध्ये काळे बोर्डातून निवृत्त झाले. त्या वर्षी बोर्डावर आलेले जॉन मथाई पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. जॉर्ज रेनी १९२७ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात व्यापार खात्याचे सदस्य बनले.

संरक्षणनीतीवरील लेखन

बोर्ड सोडल्यानंतरच्या काही वर्षांत जकातीच्या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. मुंबईच्या गिरण्यांना जपानी सूत व कापडाची झळ लागली, तेव्हा फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ मध्ये कापड उद्योगासाठी स्वतंत्र टॅरिफ बोर्ड नेमण्यात आले. जपानी गिरण्यांत दोन पाळ्या चालत आणि स्त्रियांना रात्रपाळीवर राबवले जाई. यातून मिळणारा लाभ ही अनुचित स्पर्धा मानावी का, असा प्रश्न त्या चौकशीत पुढे आला आणि १९२७ मध्ये आयात सुतावर जकात बसली. त्याच वर्षी पोलादाच्या नव्या कायद्यात ब्रिटिश मालाला कमी आणि युरोप खंडातील मालाला अधिक जकात असा भेद करण्यात आला. गुणवत्तेतील फरक हे कारण देण्यात आले होते, पण मागच्या दाराने साम्राज्यांतर्गत सवलत आणली जात आहे, अशी टीका कायदेमंडळात झाली.

या पार्श्वभूमीवर काळे यांचा भारतातील संरक्षणाच्या अर्थशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. बोर्डात प्रत्यक्ष काम केलेल्या भारतीय अर्थशास्त्रज्ञाने या विषयावर लिहिलेला ग्रंथ म्हणून त्याला वेगळे मोल आहे. त्यापूर्वी युद्धकालीन अर्थव्यवहार (१९१९), चलनसुधारणा (१९१९) आणि आधुनिक वित्तव्यवस्थेचा उदय (१९२२) या विषयांवरील त्यांची पुस्तके निघाली होती. जागतिक मंदीच्या सुरुवातीस, १९३१ मध्ये, जागतिक अर्थव्यवस्थेच्या प्रश्नांवरील त्यांची मद्रास विद्यापीठातील व्याख्याने पुस्तकरूपाने आली. त्यांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी वाचकांसाठी त्यांनी पुण्याहून 'अर्थ' हे साप्ताहिक काढले. बाजारभाव, अंदाजपत्रक, बँका, सहकार यांवर मराठीत नियमितपणे लिहिणारी नियतकालिके तेव्हा मोजकीच होती. जकात, विनिमय, अर्थसाहाय्य हे विषय इंग्रजी न जाणणाऱ्या दुकानदारापर्यंत आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम अशा पत्रांनी केले.

बँक ऑफ महाराष्ट्र

मोठ्या कारखान्याला सरकारदरबारी मदत मागता येते, पण छोट्या धंद्याला खेळते भांडवल कोठून मिळावे, हा प्रश्न टॅरिफ बोर्डाच्या कक्षेबाहेरचा होता. पुणे, सातारा, सोलापूर भागांतील लहान उद्योजक आणि व्यापारी सावकाराच्या कर्जावर अवलंबून असत. मुंबईच्या मोठ्या बँकांचे लक्ष कापूस, सोने आणि आयात-निर्यात यांकडे होते. काळे आणि उद्योजक धों. कृ. साठे यांनी काही सहकाऱ्यांसह १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली. तिचे अधिकृत भांडवल १० लाख रुपये होते. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पुण्यात तिचा व्यवहार सुरू झाला. काळे तिचे पहिले अध्यक्ष होते. भारतीय रिझर्व्ह बँकही त्याच १९३५ सालच्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती. १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांत बँक ऑफ महाराष्ट्रचा समावेश होता.

काळे यांचे १९४६ मध्ये निधन झाले.

टॅरिफ बोर्डानंतर

काळे यांच्या निधनाच्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात वाढलेल्या उद्योगांची तपासणी करण्यासाठी १९४५ मध्ये नेमलेले हंगामी टॅरिफ बोर्ड काम करत होते. १९५१ च्या कायद्याने कायमस्वरूपी टॅरिफ कमिशन अस्तित्वात आले. १९७० च्या दशकापर्यंत आयात परवान्यांच्या राजवटीत जकातीला दुय्यम स्थान मिळाले आणि १९७६ मध्ये हे कमिशन गुंडाळण्यात आले. समतोलक जकात आणि अवपुंजनविरोधी जकात यांची तरतूद आज १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात आहे, तर चौकशीचे सविस्तर नियम जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये आले. २०१८ पासून ही चौकशी व्यापार उपाय महासंचालनालय करते. त्यालाही शिफारशीचाच अधिकार आहे. जकात लावण्याचा निर्णय अर्थ मंत्रालय घेते. चौकशीत परदेशी अनुदान, देशी उद्योगाचे नुकसान आणि या दोहोंतील कार्यकारण संबंध अशा तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात.

महाराष्ट्रात या चौकश्यांचा संबंध आता दोन्ही बाजूंनी येतो. २०१७ मध्ये चीनच्या अनुदानित स्टेनलेस पोलादाच्या सपाट मालावर भारताने समतोलक जकात बसवली आणि २०२१ च्या अंदाजपत्रकात ती स्थगित केली. पोलाद बनवणाऱ्यांना ती हवी होती, कच्चा माल म्हणून ते विकत घेणाऱ्या लहान कारखानदारांना ती महाग पडत होती. उलट पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्यातून, बेटेगावच्या परिसरातून, स्टेनलेस पोलादाच्या सळ्या परदेशी जातात. भारतीय स्टेनलेस सळ्यांवर अमेरिकेने १९९५ मध्ये अवपुंजनविरोधी जकातीचा आदेश काढला आणि येथील उत्पादकांनाही खर्च व विक्रीच्या आकड्यांसह अमेरिकी वाणिज्य खात्याच्या प्रश्नावल्यांना उत्तरे द्यावी लागली.